दोन भगदाडं आणि एक जावई

किशनरावांचा गुत्तेदारांवर विश्वास नव्हता, आणि तो नसायला सरकारी कारण होतं. बीदरच्या तहसील कचेरीत ते अहलकार होते. अहलकार म्हणजे जो साहेबाच्या आणि रयतेच्या मधोमध बसतो आणि दोन्हीकडून बोलणी खातो तो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्यासमोर एकच गाऱ्हाणं वेगवेगळी पागोटी घालून येई. गुत्तेदार अर्धी विहीर खणून पळाला. गुत्तेदारानं बांधलेल्या भिंतीला बैलानं अंग घासलं आणि भिंत बसली. गुत्तेदारानं छप्पर घातलं, पण ते शेजाऱ्याच्या घरावर. ही सगळी गाऱ्हाणी उर्दूत उतरवून उतरवून किशनरावांचा हात वळणदार आणि मन कडू झालं होतं.

अशा माणसावरच एक दिवस गुत्तेदार शोधायची पाळी आली. कारण होतं चंद्रभागाबाईंचा दमा.

बाई तशी खमकी. लग्न होऊन नौबादच्या या घरात आल्यापासून तिनं किशनरावांना एकदाही स्वतःच्या मनासारखं वागू दिलं नव्हतं, आणि संसार त्यामुळेच नीट चालला होता. पण गेल्या दोन पावसाळ्यांपासून आभाळ भरून आलं की तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागे. अर्धं वाक्य बोलून ती भिंतीला टेके आणि उरलेलं वाक्य हातानं पुरं करी. किशनरावांना त्या हाताची भीती वाटायला लागली होती. कचेरीतून घरी येताना गल्लीच्या तोंडाशीच त्यांचे कान टवकारत, आणि आतून बायकोचा ओरडण्याचा आवाज आला की त्यांना बरं वाटे.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर घरी आले, त्यांनी नाडी पाहिली आणि मग माजघराच्या खिडक्या पाहिल्या. खिडक्या दोन होत्या, पण त्या नावाला. गल्लीकडच्या खिडकीची चौकट वाळवीनं आतून पोखरली होती, म्हणून तिच्यावर फळी ठोकलेली. शेजारच्या अंगणाकडची फुगून अशी घट्ट बसली होती की ती शेवटची कधी उघडली यावर नवरा-बायकोत वाद होता. डॉक्टर म्हणाले, "औषध मी देतो, पण या खोलीत हवाच नाही. खिडक्या बदला. भर पावसाळा यांना असाच काढायला लावलात तर मग मला बोलावून उपयोग नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी ओसरीवर येऊन, आवाज उतरवून सांगितलं. त्या रात्री किशनराव नीट जेवले नाहीत.

शेजारी गुरुशांतप्पा. त्यांचं करडीच्या तेलाचं दुकान होतं आणि सल्ल्याचं गोदाम. किशनरावांनी नुसतं 'खिडकी' म्हटलं आणि ते ओट्यावर मांडी घालून बसले.

"अण्णा, सुताराला बोलवू नका. सुतार लाकूड बसवतो अन् भिंत फोडून जातो. गवंड्याला बी बोलवू नका. गवंडी भिंत लिंपतो अन् लाकूड वाकडं करतो. गुत्तेदार बगा."

"गुत्तेदार काय करतो?"

"त्यो दोघांला बी आणतो."

"म्हंजी भिंत बी फुटणार अन् लाकूड बी वाकडं?"

"व्हय. पर मग भांडायला एकच माणूस," गुरुशांतप्पा म्हणाले. "माझ्या वळखीचा हाय एक. कमठाण्याचा हावगेप्पा. डोळे झाकून द्या त्येला."

किशनरावांनी डोळे झाकले नाहीत. माणूस पाहायचा तर त्याचं घर पाहावं, असं कचेरीतल्या अनुभवानं त्यांना शिकवलं होतं. शुक्रवारी, जुम्म्याच्या सुट्टीला, ते छत्री घेऊन कमठाण्याला गेले. हावगेप्पा घरीच होता. बोलायला गोड, वागायला नम्र. पण त्याच्या घराला जिथं खिडकी असायला हवी तिथं एक चौकोनी भोक होतं आणि त्यावर गोणपाट लटकत होतं. किशनरावांनी त्या गोणपाटाकडे पाहिलं. हावगेप्पानंही पाहिलं.

"गिऱ्हाइकाचं आदी, साहेब," तो म्हणाला. "घरचं मागनं."

हे उत्तर खरं तर नामी होतं, पण किशनराव परतीच्या वाटेवर मानच हलवत राहिले. ज्यानं स्वतःच्या बायकोला खिडकी दिली नाही तो माझ्या बायकोला काय देणार? घरी आल्यावर त्यांनी हे गुरुशांतप्पांना तितक्याच शब्दांत सांगितलं, आणि तिथं चुकलं. आपला माणूस नाकारला म्हणजे आपल्यालाच नाकारलं, असं आमच्याकडे समजतात. गुरुशांतप्पांनी बोलणं सोडलं. त्यांच्या बायकोनं, सिद्धव्वानं, भिंतीवरून पाठवायची चटणी थांबवली.

इकडे कचेरीत कुणीतरी सांगितलं की नव्या खिडकीला परवानगी लागते. किशनराव स्वतः सरकारी माणूस. लोकांच्या अर्जात खोड काढण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे आपल्या अर्जात खोड निघणार नाही याबद्दल ते निश्चिंत होते. परवानग्यांच्या दफ्तरातल्या दारोगानं अर्ज वाचला आणि पान लावत विचारलं, "खिडकी नवी है या पुरानी?"

"हुजूर, खिडकी नयी, जगह पुरानी."

"पुरानी है तो दरखास्त कायकू लाये?"

"जी, नयी है."

"नयी है तो पडोसी की रजामंदी लाव. उनके आंगन में झांकेगी ना?"

"पर वहाँ पहलेसे खिडकी है, हुजूर!"

"तो फिर पुरानी है," दारोगा म्हणाला आणि पान तोंडात टाकलं. पान संपेपर्यंत तो काही बोलणार नाही हे किशनरावांना कळलं, कारण ते स्वतःही लोकांशी असंच करत.

म्हणजे आता गुरुशांतप्पांची संमती हवी होती, आणि गुरुशांतप्पा बोलत नव्हते. किशनराव टोपी नीट करून त्यांच्या दुकानात गेले, गरज नसताना तेल घेतलं, आणि शेवटी मुद्द्यावर आले. गुरुशांतप्पांनी बराच वेळ मापट्यातून तेल निथळू दिलं. मग म्हणाले, "देतो की. अक्काच्या जिवापरीस माझा राग मोठा हाय का? पर एक ऐका. माझ्या माणसाचं घर बगितलाव, आता दुसऱ्याचं घर बगू नका, घराणं बगा. कुठला, कुणाचा, माय कुठली, सोयरीक कुठं. सगळं इचारल्याबिगर भिंतीला हात लावू दिऊ नका. मुळं ठाव असलेला माणूस पळत न्हाई."

हे किशनरावांना पटलं. इतकं साधं आपल्याला का सुचलं नाही, असंही वाटलं.

परवानगी मिळाली, आणि काम निघाल्याचं ऐकून राघोबा गुत्तेदार आपण होऊन आला. हुलसूरकडचा, तिशीचा गडी, डोक्याला रुमाल, हातात मापाचा गज. किशनरावांनी त्याला ओसरीवर बसवलं, चहा मागवला आणि उलटतपासणी सुरू केली. गाव कुठलं? बाप कोण? आजा काय करायचा? माय कुठली? मामा हयात आहेत का? भावकीत भांडणं आहेत का, आणि असतील तर कोणत्या बांधावरून? राघोबानं प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर दिलं. किशनरावांचं गाव हुलसूरपासून हाकेच्या अंतरावर. बापाचं नाव ओळखीचं निघालं, आज्याचा तर फेटासुद्धा आठवला. किशनरावांचा चेहरा उजळत गेला. कचेरीत आयुष्य काढून त्यांना पहिल्यांदाच एक गुत्तेदार सापडला होता ज्याला आजा होता.

"अन् सोयरीक कुठं झाली तुमची?" असं ते विचारणार, तेवढ्यात कचेरीचा चपराशी धावत आला. साहेबांनी ताबडतोब बोलावलं होतं. किशनराव उठले. "उद्यापासून सुरू करा," ते जाता जाता म्हणाले.

एकच प्रश्न राहिला. माणसानं इतकं खोल खणावं आणि झऱ्यावर शेवटचा दगड तसाच सोडावा, यालाच नशीब म्हणतात.

दुसऱ्या दिवशी राघोबा गवंड्याला घेऊन आला. चंद्रभागाबाई धुळीपासून दूर म्हणून सिद्धव्वाकडे जाऊन बसली. कामाला मात्र गडी वाघ. दुपारपर्यंत दोन्ही खिडक्या चौकटीसकट निघून अंगणात पडल्या. लाल दगडाच्या भिंतीत दोन भगदाडं झाली, आणि त्या माजघरात कित्येक वर्षांत पहिल्यांदा ऊन पडलं. किशनराव त्या उन्हात उभे राहिले. आज संध्याकाळी नाही तरी उद्या-परवा इथं तिची बाज टाकू आणि ती वाक्यं पुरी बोलेल, असं त्यांच्या मनात आलं.

नेमकी तेव्हाच चंद्रभागाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तहानलेल्या माणसाला पाणी द्यावं आणि देता देता विचारावं, ही बायकांची रीत.

"कुणाकडचं म्हणायचं तुम्ही?"

"हुलसूरचा, बाई."

"सासुरवाडी कुठली?"

"भालकी. किसनाजी पाटलाची थोरली."

बाईनं तांब्या खाली ठेवला. "कमळाक्काची लेक? अगबाई, कमलबाईचा जावई तुम्ही?"

कमलबाई ही चंद्रभागाबाईची सख्खी चुलत बहीण. एका ताटात जेवलेल्या, एका पाळण्यात वाढलेल्या. तिच्या लेकीच्या लग्नाला चंद्रभागाबाई दम्यामुळे जाऊ शकली नव्हती, आणि ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, राघोबाच्या हातातली पहार काढून घेतली आणि नवऱ्याकडे वळली.

"अवं, उभं कामून ऱ्हायलाव? पाय धुवाया पाणी द्या जावईबापूस्नी! जावयाच्या हातात पहार! कमळाक्काला कळलं तर ती काय म्हणंल?"

आणि त्या क्षणी काम थांबलं.

जावई हा दहावा ग्रह, असं म्हणतात. पण नऊ ग्रहांना निदान शांती करून मार्गी लावता येतं. दहाव्याला पाटावर बसवावं लागतं. राघोबाला पाट मांडला, रांगोळी काढली, दुपारी पुरण शिजलं. गवंडी भिंतीपाशी बसून वाट पाहत होता. 'जावईबापूंचं जेवण होऊ द्या' असं त्याला दोनदा सांगितलं, तेव्हा तो उठला आणि दुसऱ्या कामावर निघून गेला. राघोबा पुरणपोळ्या खाऊन, पान खाऊन, भरल्या पोटी झोपला, आणि उठल्यावर वेळ झाली म्हणून निघाला.

"आता चौकटी घडवून भादव्यात बसवू, मामा," जाताना त्यानं खाली मान घालून सांगितलं. गुत्तेदाराचे साहेब आता मामा झाले होते.

संध्याकाळी गुरुशांतप्पा आले. त्यांनी भगदाडं पाहिली, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अण्णा, घराणं बगा म्हणलं. नातं काढा म्हणलं न्हाई."

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं जुनी माणसं सांगून गेली. ती दोन वेगळी संकटं आहेत असं समजून त्यांनी सांगितलं. किशनरावांच्या वाट्याला दोन्ही एकदम आली.

श्रावण सरला, भादवा लागला, आणि पंचांग उघडल्यावर चंद्रभागाबाईनं हाताची घडी घातली. "ह्यो अधिक हाय. अधिकात चौकट बसवत्यात व्हय? निज भादवा येऊ द्या."

"अगं पण तुझा दमा अधिक मानतो का निज?"

"दमा माजा हाय. जावई कमळाक्काचा हाय."

म्हणजे आणखी एक अख्खा महिना, आणि तोही कोणता, तर जावयाचा. अधिकात जावयाला बोलवून अनारशांचं वाण द्यायचं, नवं धोतर द्यायचं, धोंडे खायला घालायचे. ज्या माणसानं घराच्या भिंतीला दोन भगदाडं पाडली त्याला त्याबद्दल धोतर नेसवणारा बीदर जिल्ह्यात आपण एकटेच असू, असं किशनरावांच्या मनात आलं. त्यांनी ते मनातच ठेवलं.

भगदाडांवर एकीकडे सतरंजी आणि एकीकडे घोंगडी टांगली. वारा आला की सतरंजी खोलीभर फडके, आणि पावसाची झड आली की घोंगडीतून पाणी ठिबके. पूर्वी हवा नव्हती. आता हवा सोडून काही नव्हतं. एकदा गल्लीतल्या शेळीनं सतरंजीखालून तोंड घातलं आणि कचेरीतून आणलेल्या एका अर्जाचा समास खाल्ला. तो अर्ज नेमका एका गुत्तेदाराविरुद्ध होता.

शेळी बरी होती, कारण ती सल्ला देत नव्हती. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस आता त्या भगदाडातून आत डोकावून बोले. "किशनराव, विटा लावून टाका की." "किशनराव, इतकी मोठी खिडकी कामून केलाव?" एका म्हातारीनं सतरंजी बाजूला सारून चुना मागितला आणि चंद्रभागाबाईला वाफारा घ्यायचा सल्ला देऊन गेली. कचेरीतले पेशकारसाहेबसुद्धा हसत म्हणाले, "किशनराव, सुना है आपके घर में हवा बहोत आती?"

"जी हुजूर," किशनराव म्हणाले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना इतकं लहान कधी वाटलं नव्हतं.

राघोबा दर दोन-चार दिवसांनी यायचा. काम करायला येतो असं म्हणायचा, आणि ओसरीवर पाऊल टाकताच त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या यायचा, मग पाट, मग ताट. जावयाला कामाचं तोंडावर विचारता येत नाही, आडून विचारावं लागतं. किशनराव वाढता वाढता आडून विचारत.

"वारं लई सुटलंय, न्हाई?"

"व्हय, मामा. लई."

"रात्री घोंगडी उडाली."

"उडणारच, मामा," राघोबा म्हणे, भगदाडाकडे बघे, लांब सुस्कारा टाके आणि पानावर खाली मान घाले. चंद्रभागाबाई लगेच आणखी एक पोळी वाढे. किशनरावांच्या अंगाचा तिळपापड होई, आणि हातात तुपाची वाटी असल्यामुळे तो तिथंच जिरवावा लागे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथं बुक्क्या मारणाऱ्यालाच तूप वाढायचं होतं.

आणि चंद्रभागाबाईची शिट्टी वाढत होती. दिवसा ती ऐकू येऊ नये म्हणून बाई भांडी आपटी. किशनरावांना ते कळे. बोलायची सोय नव्हती.

वाणाच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. अनारसे आदल्या दिवशीच झाले होते, पण धोंडे ताजे हवेत म्हणून बाई चुलीपाशी बसली. ओली लाकडं, धूर, आणि भगदाडातून येणारी ओली हवा. राघोबा नवं धोतर नेसून पाटावर बसला. किशनरावांनी त्याला कुंकू लावलं, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून ते ताट त्याच्या हातात दिलं. आणि स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

चंद्रभागाबाई चुलीपुढे दोन्ही हात जमिनीला टेकून बसली होती. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. नेहमीची शिट्टीसुद्धा नव्हती. किशनराव दारातच थिजले.

राघोबानं ताट खाली टाकलं. अनारसे घरभर घरंगळले. त्यानं मामींना उचललं आणि भर पावसात ओट्यावर नेऊन बसवलं. पाठीमागे आधाराला तो स्वतः बसला. सिद्धव्वा त्याचा ओरडा ऐकून धावत आली, तिनं छाती चोळली. गुरुशांतप्पा छत्री न घेता डॉक्टरांकडे पळाले. डॉक्टरांनी येऊन सुई टोचली. हळूहळू एक शिट्टी वाजली, मग दुसरी. त्या घरात त्या शिट्टीचं स्वागत पहिल्यांदाच झालं. किशनराव ओट्याच्या पायरीवर खाली बसले आणि उपरणं तोंडाला लावून लहान मुलासारखे रडले.

डॉक्टर गेल्यावर किशनरावांच्या सगळ्या महिन्याचा राग वर आला. ते उठले. "जावईबापू," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना सुचेना, कारण जावयाला शिवी द्यायला भाषेत सोयच नाही.

पण राघोबाच बोलला. नवं धोतर चिखलानं माखलं होतं आणि त्याचे डोळे भरले होते.

"मामा, चौकटी कवाच तयार हैत. सागाच्या. माझ्या छपरात उभ्या करून ठिवल्यात. दर येळी ठरवून येतो, आज सामान घिऊन बसायचंच. अन् पाय ठिवला की तांब्या पुढं! पाटावर बसलेल्या जावयानं उठून हातात वाकस-हातोडा कसा घ्यावा, सांगा. सासुरवाडीत काम मागितलं तर अपमान तुमचा. न्हाई केलं तर जीव मामीचा. मला घास उतरत न्हवता. तुम्ही एकदा सुदीक म्हणला न्हाई, राघोबा, खिडक्या बसीव. कामून म्हणला न्हाई, मामा?"

महिनाभर किशनराव ज्याच्या ताटात तूप वाढत होते तो माणूस महिनाभर त्यांच्याकडे सुटकेसाठी बघत होता. दोघंही सभ्य होते. दोघांच्या सभ्यतेच्या मधे ती बाई गुदमरत होती.

ओसरीवर टाकलेल्या बाजेवरून हात वर झाला. चंद्रभागाबाईला बोलायचं होतं. दम घेत, एकेक शब्द तोडून ती म्हणाली, "जावईबापू. आजपस्नं. खिडक्या बसंपर्यंत. तुमची माजी वळख न्हाई."

"मामी!"

"मामी न्हाई. तुम्ही गुत्तेदार. ताट न्हाई, पाट न्हाई. अधिक बी न्हाई न् निज बी न्हाई."

मग तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि हातानं उरलेलं वाक्य पुरं केलं. त्याचा अर्थ, आता तुम्हाला जे बोलायचंय ते बोला, असा होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाडी आली. चौकटी उतरल्या, नवा गवंडी आला. चंद्रभागाबाईची बाज सिद्धव्वाच्या ओसरीवर नेली होती. तिथून सगळं दिसत होतं. राघोबाच्या पायांवर कुणी पाणी घातलं नाही, चहा विचारला नाही. त्यानं किशनरावांना 'साहेब' म्हटलं.

आणि किशनरावांनी तोंड सोडलं. कचेरीत पंचवीस वर्षं ज्या शिव्या त्यांनी दुसऱ्यांच्या वतीनं उर्दूत उतरवल्या होत्या त्या सगळ्या आता त्यांनी स्वतःच्या वतीनं मराठीत दिल्या. ही चौकट तिरकी आहे. ती न्हाई, साहेब. मग भिंत तिरकी आहे. भिंत तुमचीच हाय, साहेब. बिजागरी आवाज करते. अजून लावलीच न्हाई, साहेब. कामचोर, ऐतखाऊ, पुरणपोळ्यांचा दुष्काळ. हे शेवटचं तर गुत्तेदाराला नव्हे, जावयालाच उद्देशून होतं, पण त्यांना थांबता आलं नाही. राघोबा खाली मान घालून ठोकत राहिला. गुरुशांतप्पा भिंतीपलीकडून कान देऊन ऐकत होते. दुसऱ्या दिवशीही किशनराव असेच बोलत होते. संध्याकाळी त्यांचा घसा बसला, आणि खिडक्याही बसल्या.

खिडक्या सुरेख झाल्या होत्या. झडपा एका बोटानं उघडत. बाज परत माजघरात आली आणि चंद्रभागाबाई तिच्यावर पडली. दोन्हीकडून वारा येत होता, पाऊस मात्र बाहेरच राहत होता. ती म्हणाली, "बसल्या न्हवं? आता जावईबापूस्नी आत बोलवा. पाय धुवाया पाणी द्या."

किशनराव तांब्या घेऊन ओट्यावर गेले. राघोबा गाडीत सामान भरत होता.

"जावईबापू, या आत."

राघोबानं वर बघितलं नाही. "येत न्हाई, मामा."

"अवं, सिद्धव्वानं धोंडे करून ताट वाढलंय."

"ऐतखाऊ माणसाला ताट कशाला?" तो म्हणाला आणि बैलांकडे वळला. गुत्तेदार आता पुन्हा जावई झाला होता, आणि जावयाला रुसायचा हक्क असतो. दोन दिवस गुत्तेदारानं जे ऐकलं ते सगळं आता जावयाच्या लक्षात आलं होतं. भालकीला कमलबाईच्या कानावर ते जाणार, आणि मग आयुष्यभर या घरात त्याचा उल्लेख होत राहणार. गुरुशांतप्पा, सिद्धव्वा आणि गल्लीतली चार माणसं बघत होती.

किशनराव अहलकार होते. वयानं, नात्यानं, नोकरीनं मोठे होते. त्यांच्याकडे उभ्या गल्लीसमोर न वाकायची सतरा कारणं होती, आणि ती सगळी त्यांना त्या क्षणी पाठ होती. ते मागे वळले, ते त्याला जाऊ द्यावं म्हणूनच.

मागे नवी खिडकी उघडी होती. आत चंद्रभागाबाई डोळे मिटून पडली होती. किशनराव सवयीनं कान देऊन उभे राहिले. श्वास आत गेला आणि बाहेर आला. पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर आला. त्यात काहीच वाजत नव्हतं. मग तिनं एकही शब्द न तोडता, एका दमात, आतूनच हाक मारली, "अवं, किती येळ लावलाव, बोलवा की जावईबापूस्नी, धोंडे निवायलेत!"

किशनरावांनी तांब्या खाली ठेवला, टोपी काढली, आणि गाडीच्या चाकापाशी जाऊन जावयापुढे हात जोडले. ते त्यांना अजिबात जड गेलं नाही.